भजनाला बसता येतं, उठता येत नाही

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील ७२ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, खानापूर तालुक्यातल्या गावी एकटे राहतात. आई दोन वर्षांमागे गेली. यंदा श्रावणात अंगणात पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून चौकात जाणं बंद, एकादशीचं भजन बंद, दिवसभर टीव्ही. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि दिवाळीला आठ दिवस गावी जाणार आहात. पावलं मोजणारं घड्याळ घेऊन दिलंत, ते कपाटात पडून आहे. आता विचारताय की घरात व्यायामाची सायकल आणावी का, प्रोटीनची पावडर सुरू करावी का, की सरळ त्यांना पुण्याला घेऊन यावं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. २२ वर्षं बेळगावात काम करते आणि आठवड्यातले दोन दिवस खानापूर आणि हुक्केरीकडच्या खेड्यांत घरी जाऊन रुग्ण बघते. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न राहून गेलाय. ते बाहेर का पडत नाहीत? फोनवर विचारलं की 'कंटाळा येतो' एवढंच ऐकू येतं. इतक्या वर्षांत नुसत्या कंटाळ्याने घरात बसलेली माणसं मला फार थोडी भेटली. बहुतेकांना बाहेर जायला नेमकी एक गोष्ट अडवत असते, आणि ती पोटच्या मुलाला सांगायची त्यांना लाज वाटते.

नंदगडच्या बाजूला एक आजोबा होते. पन्नास वर्षं मृदंग वाजवलेला माणूस. घरच्यांनी मला गुडघ्यासाठी बोलावलं होतं. सहज विचारलं, 'भजनाला का जात नाही?' सून पाणी आणायला आत गेली तशी हळू आवाजात म्हणाले, 'बसायचं जमतंय की वो. उठायचं जमत नाही. चार माणसांत काखेत हात घालून उठवून घ्यायचं, बरं दिसत नाही.' ही गोष्ट त्यांनी आठ महिने कुणालाही सांगितली नव्हती. घरातल्यांची समजूत अशी की म्हाताऱ्याचं देवावरचं मन उडालं.

आपल्याकडे सगळं जमिनीवर असतं. देवळात सतरंजी, पंगतीला पाट, बारशाला चटई, मयताच्या घरीही खालीच बसायचं. जमिनीवरून स्वतःचं स्वतः उठता येईनासं झालं की माणूस एकेक करून या सगळ्या जागांमधून गळतो. मग ओळखीपाळखी कमी होतात, चालणं कमी होतं, पाय आणखी अशक्त होतात आणि उठणं आणखी अवघड होतं. तुमच्या वडिलांना मी गुरुजी म्हणते, गावातही तेच म्हणत असतील. गुरुजींच्या बाबतीत पहिली शंका मला हीच आहे.

दुसरी शंका लघवीची. सत्तरीच्या पुरुषाला प्रोस्टेटमुळे तासातासाला जावं लागतं, आणि लागली की थांबवत नाही. चौकात बसलं की जायचं कुठे? म्हणून माणूस घर सोडत नाही, किंवा पाणीच कमी पितो, मग चक्कर येते. बायकांमध्ये खोकताना, शिंकताना लघवी सुटते. ज्यांनी उभं आयुष्य शेतात वाकून भात लावला किंवा निपाणीकडे तंबाखूत काम केलं, अशा कितीतरी जणी यात्रेला जायच्या थांबल्या त्या केवळ यामुळे. दोन्हीवर उपाय आहेत. पुरुषांना गोळ्या असतात, बायकांना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात. वय झालं की असंच, म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

आणि तिसरी, कान. टीव्हीचा आवाज किती मोठा असतो ते घरी गेल्यावर बघा. चारचौघांत बोलणं कळत नाही, पुन्हापुन्हा 'काय?' विचारायला नको वाटतं, म्हणून माणूस गप्प होतो आणि मग जायचाच थांबतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण आटोक्यात ठेवता येण्यासारखी १४ कारणं मांडली. त्यात ऐकू कमी येणं हे मोठ्या कारणांपैकी एक आहे. एकटं पडणं, हालचाल कमी होणं, मधुमेह आणि उपचार न केलेला दृष्टिदोष हीसुद्धा त्याच यादीत आहेत. कानात मळ साचल्यामुळे बहिरे झालेले दोन आजोबा मी पाहिलेत. कान साफ केल्यावर दोघेही दुसऱ्याच दिवशी कट्ट्यावर.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण गुरुजींना मी पाहिलेलं नाही. पडले तेव्हा पाय घसरला, की आधी डोळ्यांपुढे अंधारी आली? ही दोन पडणी अगदी वेगळी. शेवाळावर कुणीही घसरेल. अंधारी आली असेल तर उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो का ते बघायला हवं. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती मोजमापं घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्या एकत्र चालू असल्या की असं होतं. घरातल्या सगळ्या गोळ्या, जुन्या अर्धवट पाकिटांसकट, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. एकच औषध दोन नावांनी घेणारे रुग्ण मला वर्षाला चार-पाच तरी सापडतात. मात्र स्वतःच्या मनाने कुठली गोळी बंद करू नका.

मधुमेह असेल तर तळपायांची संवेदना तपासून घ्या. शाकाहारी असतील, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर रक्तातलं बी-१२ बघा. ते कमी झालं की पायांना बधिरपणा येतो आणि तोल जातो. डोळ्यात मोतीबिंदू असेल तर तो पिकायची वाट बघायचे दिवस गेले. आणि पडताना डोक्याला मार लागला असेल आणि त्यानंतर झोपाळूपणा, डोकेदुखी, चालण्यात झोकांड्या वाढल्या असतील, तर दिवाळीपर्यंत थांबू नका, लगेच दाखवा. वयस्क माणसात कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून काही आठवड्यांनी त्रास दिसू शकतो.

मनाचंही बघायला हवं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सोबत गेल्याला दोनच वर्षं झालीत. दुःख असणारच. पण भूक गेली, वजन उतरतंय, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, 'आता कशाला जगायचं' असं तोंडून निघतं, असं काही असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टरच हवेत, नुसत्या फिरण्याने ते जात नाही. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि चोवीस तास चालू असते.

हे सगळं बघून झालं की मग पाय. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच सर्वात जास्त फरक पडतो आणि इथेच घरची माणसं मायेपोटी नुकसान करतात.

चुकीची सुरुवात मी माझ्यापासून सांगते. काम सुरू केलं त्या वर्षी एका आजींचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर हाताला होतं, पाय धडधाकट. घरच्यांनी विचारलं, 'फिरू द्यायचं का?' आणि पुन्हा पडतील या भीतीने मी म्हटलं, 'शक्यतो विश्रांतीच द्या.' त्यांनी माझा शब्द पाळला. सहा आठवडे आजींना न्हाणीघरापलीकडे जाऊ दिलं नाही. प्लास्टर निघालं तेव्हा हात बरा होता, पण त्यांना आधाराशिवाय उभं राहता येईना. पुढे त्या जेमतेम घरातल्या घरात फिरल्या, परड्यात कधीच गेल्या नाहीत. ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

नंतर वाचलं तेव्हा कारण कळलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वयस्कांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांमधला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. दहा दिवसांत! गुरुजी पडल्याला तर अडीच-तीन महिने होत आले.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धनिवासात ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना मांड्यांच्या ताकदीचा कसून व्यायाम सुरू केला. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे नव्वदीतही स्नायू ऐकतो. बहात्तर हे त्या मानाने तरणं वय.

घरी गेल्यावर हाताची नसलेली, साध्या उंचीची एक खुर्ची घ्या, पाठ भिंतीला टेकवून ठेवा. गुरुजींना दोन्ही हात छातीवर घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. तुम्ही शेजारीच उभे राहा. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर पाय कमजोर आहेत, पडायचा धोका वाढलेला आहे. बाईसाठी तोच आकडा १० आहे. हात टेकल्याशिवाय एकदाही जमलं नाही तर शून्य लिहा आणि घाबरू नका. सुरुवात तिथूनच करायची.

व्यायामही तोच. खुर्चीवर एक जाड उशी ठेवून बैठक उंच करा, हवे तर हात टेकू द्या, पाच वेळा उठणं-बसणं, दिवसातून तीनदा. चहाच्या आधी, जेवणाच्या आधी, अशी वेळेला बांधून घ्या म्हणजे विसरत नाही. सोपं वाटायला लागलं की उशी काढा. मग हात सोडा. मग बसताना चार अंक मोजत सावकाश बसा. खरी ताकद त्या सावकाश बसण्यात तयार होते. पुढे छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरून करायचं. शेवटच्या दोन उठण्यांना थोडा दम लागला पाहिजे, मांडी भरून आली पाहिजे. अजिबात जड न जाणारा व्यायाम कितीही दिवस केला तरी ताकद वाढवत नाही. दुसऱ्या दिवशी मांडी थोडी दुखेल, ते चालतं. गुडघ्याच्या सांध्यात दुखलं, सूज आली, छातीत भरून आलं, तर थांबा आणि दाखवा.

याच्या जोडीला स्वयंपाकाच्या कट्ट्याला धरून टाचा उचलायच्या आणि भिंतीला हात लावून एका पावलापुढे दुसरं पाऊल अशी सरळ रेषेत चाल करायची, जशी पोरं बांधावरून चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी सांगितलेलं माप असं आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीची हालचाल, किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन किंवा जास्त दिवस तोलाचे. आपल्याकडे पहिलंच सगळ्यांना माहीत असतं, 'फिरायला जा.' उरलेली दोन कुणी सांगत नाही, आणि पडण्यापासून वाचवतात ती मुख्यतः तीच दोन.

जमिनीवरून उठायचं तंत्र वेगळं शिकवावं लागतं. सरळ पुढे उठायला जायचं नाही. आधी एका कुशीवर वळायचं, दोन्ही हात टेकून रांगायच्या स्थितीत यायचं, समोर स्टूल किंवा खुर्ची ठेवायची, तिच्यावर हात ठेवून धडधाकट पाय पुढे घ्यायचा आणि मग उठायचं. पहिल्या वेळी जवळ दोघे हवेत आणि खाली जाड गादी हवी. नंदगडच्या आजोबांना हे यायला सात आठवडे लागले. मधल्या काळात मी देवळात निरोप दिला की भिंतीकडेला चार-पाच प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून ठेवा, कुणा एकासाठी म्हणून नव्हे, सगळ्यांसाठी. पुढच्या एकादशीला आजोबा तर आलेच, पण घरी बसलेल्या आणखी तीन म्हाताऱ्याही आल्या. त्यांनाही तेच अडलं होतं.

घड्याळाविषयी. ते कपाटात गेलं यात गुरुजींचा दोष नाही. दहा हजार पावलांचा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये एका पावलंमोजणीच्या यंत्राच्या नावातून आला, तपासणीतून नव्हे. साठीपुढच्या माणसांवरची २०२२ची मोठी पाहणी सांगते की सहा ते आठ हजार पावलांपुढे जास्तीचा फायदा फारसा वाढत नाही, आणि कमी चालणाऱ्याने थोडी वाढवली तरी फायदा होतो. आज ते हजार-दीड हजार चालत असतील तर दोन हजार करा. तेवढ्यानेही सुरुवात चांगली होते.

सायकल आता घेऊ नका. बसून पाय फिरवल्याने दम वाढतो, पण तोल सुधारत नाही आणि खुर्चीवरून उठायची ताकद फारशी येत नाही. जांबोटी-कणकुंबीकडे पावसात चार महिने उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवता येत नाही, तेव्हा सायकल थोडीफार उपयोगी पडते हे खरं. पण त्या दिवसांत लांब सोप्यात येरझाऱ्या घातल्या तरी काम होतं.

पडायची भीती मात्र नुसत्या धीराच्या शब्दांनी जात नाही. ती जागा बदलल्यावर जाते. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर आणि अंगणात जे शेवाळ धरतं ते ब्लीचिंग पावडर टाकून ताठ ब्रशने घासून काढा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कुणाला तरी पैसे देऊन काढून घ्या. झिजून गुळगुळीत झालेली रबरी चप्पल फेकून द्या आणि मागे पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली चप्पल आणा. न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी दांडा हवा. टॉवेलची दांडी धरून उठणारे पडतात. रात्री अंथरुणापासून संडासापर्यंत मंद दिवा, आणि वीज जाते म्हणून उशाशी बॅटरी. काठी लागत असेल तर तिचा माथा उभं राहिल्यावर मनगटाच्या रेषेइतका उंच हवा, खाली रबरी बूच हवं, आणि ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. आमच्या भागातले आजोबा काठी नको म्हणून छत्री टेकत चालतात. छत्रीचं टोक ओल्या दगडावर सटकतं, म्हणून त्याला माझा ठाम विरोध आहे.

खाण्याचं थोडक्यात. एकट्या राहणाऱ्या पुरुषाचं जेवण म्हणजे दुपारी भात-आमटी आणि रात्री चहात बुडवून बटर, हे मी घरोघरी पाहते. पोट भरतं, पण स्नायूला काही मिळत नाही. वयस्कांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७० ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून १० ग्रॅमच्या आसपास मिळतात, एका अंड्यातून ६, पेलाभर दुधातून ६, मूठभर शेंगदाण्यांतून ७, आणि ३० ग्रॅम कोरड्या मटकी किंवा कुळथाच्या उसळीतून ७. घट्ट वरण, दही, झुणका, खात असतील तर मासे आणि चिकन, असं तिन्ही वेळच्या खाण्यात वाटलं तर माप गाठता येतं. पावडर ही दात नाहीत, चावत नाही, किंवा आजारातून उठलेत अशांसाठी. म्हणून दातही बघा. कवळी सैल झाल्यामुळे भाकरी सोडून चहा-बटरवर आलेली माणसं पुष्कळ आहेत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं.

आता ज्यासाठी मी हे एवढं लांब लिहायला बसले ते. पाय बळकट झाले, चप्पल आली, दांडा बसला, तरी माणूस बाहेर पडेलच असं नाही. त्याला कुठेतरी पोचायचं असलं पाहिजे, आणि तिथे कुणीतरी वाट बघत असलं पाहिजे.

आपण मुलं काय करतो? 'आयुष्यभर कष्ट केलेत, आता आराम करा.' वडगावात विणकरांच्या घरातल्या एक आजी होत्या. हातमागाच्या काळात कांड्या भरल्या, नंतर मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक केला. सत्तरी झाली तशी सुनेने प्रेमाने सगळं हातातून काढून घेतलं. सहा महिन्यांत आजी खुर्चीवरून उठेनात, आणि दिवसभर सांगायच्या की डोकं जड वाटतं. मी व्यायाम दिलेच, पण सुनेला बाजूला घेऊन सांगितलं की संध्याकाळच्या भाकऱ्या त्यांना परत द्या. कट्ट्याशी अर्धा तास उभं राहून सात-आठ भाकऱ्या थापायच्या म्हणजे पाय, पाठ, खांदे, तोल, सगळ्याला काम. आणि भाकरी झाली नाही तर घर जेवायचं थांबतं, हे त्यांना माहीत. त्यापुढे व्यायामाची आठवण मला करावी लागली नाही. आता कर्नाटक सरकारच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, जून २०२३ पासून, तर त्या एकट्या गोकाकला बहिणीकडे जाऊन येतात. त्यासाठी आम्ही बसच्या उंच पहिल्या पायरीचा सराव घराच्या ओट्यावर महिनाभर केला होता.

म्हणून काम परत देताना एकच कसोटी लावा: ते नाही केलं तर कुणाचं तरी अडायला हवं. वेळ जावा म्हणून दिलेलं काम म्हाताऱ्या माणसाला चटकन ओळखू येतं, आणि त्याचा अपमान वाटतो.

गुरुजींकडे अशी एक गोष्ट आहे जी गावात फार थोड्यांकडे असेल. मराठी शाळेत शिकवलं, पण नोकरी कर्नाटकात केली, म्हणजे कन्नड लिहिणं-वाचणं त्यांना येत असणारच. आपल्या भागात जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, बँकेची नोटीस कन्नडमध्ये, पंचायतीचा फलक कन्नडमध्ये, आणि त्यांच्या वयाच्या कितीतरी मराठी शेतकऱ्यांना तो वाचता येत नाही. एका निवृत्त मास्तरांना मी ओळखते. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ते असेच बसले होते. त्यांच्या मुलाने सोसायटीच्या ओट्यावर एक टेबल ठेवलं आणि गावात सांगितलं की सोमवारी आणि गुरुवारी दहा ते बारा मास्तर कागद वाचून दाखवतील, अर्ज भरून देतील. घरापासून टेबलापर्यंत साडेतीनशे पावलं. पहिल्या आठवड्यात दोघे आले. आता शेजारच्या गावचेही येतात. त्यांचा मुलगा मला म्हणाला, 'सोमवारी सकाळी सातला दाढी करून बसतात.' मला त्यांच्या गुडघ्याच्या कोनापेक्षा ती दाढी मोठी वाटली.

दोन भाषांत रोज वावरण्याचा मेंदूलाही फायदा होत असावा. हैदराबादमध्ये ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं दिसलं. ही नोंदींवरून केलेली तुलना आहे, म्हणून मी ती औषधासारखी सांगत नाही. पण घरात मराठी, बाजारात कन्नड, अशी सवय सीमाभागात प्रत्येकाला आयती मिळालेली असते, आणि टीव्हीसमोर बसून ती गंजते.

यावरूनच पुण्याचं. विसरणं वाढलंय, गॅस चालू राहतो, गोळ्या चुकतात, वर्षात दोनदा पडले, हाकेच्या अंतरावर कुणीच नाही, यांपैकी काही असेल तर घेऊन जा, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. तसं नसेल तर घाई करू नका. पुण्यात ते तुमचे वडील असतील, पण गुरुजी कुणाचेच नसतील. लिफ्टमध्ये नमस्कार करणारा माणूस त्यांचा विद्यार्थी नसतो. माझे तीन-चार रुग्ण असे गेले आणि सहा-आठ महिन्यांत परत आले. मधला मार्ग मला जास्त पटतो: पावसाचे जुलै-ऑगस्ट तुमच्याकडे, गणपतीच्या आधी परत गावी. पण परतायची तारीख जातानाच ठरलेली हवी आणि ती पाळायला हवी.

दिवाळीच्या आठ दिवसांचं असं करा. पहिले दोन दिवस काहीच सुधारायला जाऊ नका, नुसते बघा: खुर्चीतून कसे उठतात, रात्री किती वेळा उठतात, टीव्हीचा आवाज किती, ताटात काय. मग रक्तदाब आणि गोळ्यांची पिशवी. त्यानंतर शेवाळ, चप्पल, दांडा. आणि एका संध्याकाळी त्यांना घेऊन चौकापर्यंत जा, तुम्ही अर्धं पाऊल मागे, हात न धरता. त्या दिवसांत काकडा चालू असेल. पहाटेच्या अंधारात तिकडे नेऊ नका, एकादशीच्या भजनाला न्या, आणि जाण्याआधी देवळात भिंतीकडेला खुर्च्या मांडून घ्या. खुर्च्या कुणाच्या सांगण्यावरून आल्या हे त्यांना कळायची गरज नाही.

खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठले तो आकडा, आणि झोपून व उभं राहून घेतलेले रक्तदाबाचे आकडे, एका कागदावर तारखेसह लिहून भिंतीवर लावा. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा आणि दोन्ही मला इथेच कळवा. पहिला आकडा सातच्या खाली असेल तर मात्र सहा आठवडे थांबू नका, खानापूर किंवा बेळगावातल्या कुठल्याही फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून उठायची पद्धत समोर करून घ्या.